पेन्सिल, शाई आणि न विसरणारी मेमरी

धाड हे बुलढाणा तालुक्यातले, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेजवळचे आमचे गाव. २००६ साली आमच्या घरी एक वापरलेला संगणक आला. त्यावर विंडोज ९८ होते. ती भारनियमनाची वर्षे होती आणि घरात इन्व्हर्टर नव्हता. त्याच वर्षी आजोबा वारले. शेतावर वारसनोंद करायची म्हणून वडिलांनी मला अर्ज टाइप करायला सांगितला. गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी, वडील, काका आणि दोन आत्यांची नावे असा दीड पानांचा मजकूर मी टाइप करत आणला, अधूनमधून सेव्हही केला, आणि शेवटचे सेव्ह चालू असतानाच वीज गेली.

वीज आल्यावर संगणकाने आधी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालवले. त्या काळी संगणक वापरलेल्या प्रत्येकाला तो निळा पडदा आठवत असेल. तपासणी संपली, पण अर्जाची फाइल उघडेना. तिच्याऐवजी ‘सीएचके’ असे शेपूट असलेली एक नवीच फाइल डिस्कवर दिसू लागली. ती उघडली तर आत आजोबांचे नाव, अर्धा गट क्रमांक आणि पुढे कुठल्यातरी जुन्या पत्राचा तुकडा चिकटलेला. अर्ज सगळाच गेला असता तर मी चडफडत पुन्हा टाइप केला असता. अर्धा अर्ज आणि अर्धे भलतेच काही असे का उरावे, हे मात्र मला कळेना.

शेवटी हाताने लिहिलेला अर्ज घेऊन आम्ही तलाठ्यांकडे गेलो. भाऊसाहेबांनी फेरफार नोंदवहीत नोंद घेतली, मग सातबाऱ्याचे पान काढून त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात फेरफाराचा क्रमांक घातला. सरकारी कागदावर पेन्सिल पाहून मला नवल वाटले. विचारले तेव्हा ते म्हणाले, “अजून मंजूर कुठं झाला फेरफार? मधी कोणाची हरकत आली तर? शाईनं लिहिलेलं निघत नाही, बाप्पा.”

पुढे संगणकशास्त्र शिकताना आणि नंतर त्यातच नोकरी करताना मला उमगत गेले की माझा बिघडलेला अर्ज आणि भाऊसाहेबांची पेन्सिल हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. जे कायमचे राहणार आहे, त्यावर लिहायचा अधिकार कोणाला द्यायचा आणि लिहिणे अर्धवट राहिले तर काय करायचे, हा तो प्रश्न. संगणकाने त्याची उत्तरे साठ-सत्तर वर्षांत कशी बदलली, याचा हा आढावा आहे.

*

आधी एका शब्दाचा खुलासा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा लष्करातला कर्नल नव्हे. बीच्या आतला गर या अर्थाचा तो शब्द आहे. संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्राम डिस्कला थेट हात लावू शकत नाही. तो कर्नलकडे अर्ज करतो: अमुक फाइल उघडून दे, अमुक मजकूर लिही. कर्नल आधी अधिकार तपासतो आणि मग काम करतो.

या व्यवस्थेमागे एक गृहीत आहे. संगणकात माहिती ठेवायच्या दोन जागा असतात. एक मेमरी, ती अतिशय वेगवान, पण वीज गेली की सगळे विसरणारी. दुसरी डिस्क, ती संथ, पण लक्षात ठेवणारी. डिस्क इतकी संथ की प्रत्येक अक्षरासाठी तिच्याकडे धाव घेणे परवडत नाही. म्हणून कर्नल फाइलीची पाने मेमरीत आणून ठेवतो, बदल तिथेच करतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. प्रोग्रामला तो ‘लिहिले’ असे सांगतो तेव्हा पुष्कळदा फक्त पेन्सिलीने लिहिलेले असते. शाई नंतर येते. माझ्या अर्जाच्या वेळी शाईचे काम अर्ध्यावर थांबले होते.

हे गृहीत आपल्याला निसर्गनियमासारखे वाटते, पण संगणकाची मेमरी सुरुवातीपासून विसरभोळी नव्हती. त्याचा दाखला मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने भारतातला एक पहिलावहिला इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्याची मेमरी फेराइटच्या इवल्या कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी उजवीकडे किंवा डावीकडे चुंबकित करायची. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. टिफ्रॅकच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे सुमारे ८२ हजार बिट. आजच्या भाषेत १० किलोबाइट. वीज गेली तरी कडीचे चुंबकत्व जात नाही. आज ज्याला नॉन-व्होलाटाइल मेमरी म्हणतात, तिचाच हा पूर्वज.

या मेमरीची एक खोड होती. कडीत काय आहे ते वाचायचे तर तिला शून्याच्या दिशेने ढकलून पाहावे लागे. ती वळली तर आधी एक होते, न वळली तर शून्य. म्हणजे वाचले की पुसले जाई आणि ताबडतोब पुन्हा लिहावे लागे. वाचणे आणि परत लिहिणे यांच्या नेमक्या मध्ये वीज गेली तर तो शब्द गेला. साहित्य टिकाऊ असले तरी त्यावरची क्रिया अर्धवट राहू शकते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्यावरचा उपाय १९७० मध्ये आलेल्या पीडीपी-११ या यंत्रात चांगला दिसतो. वीज ढासळू लागली की वीजपुरवठ्यातल्या धारित्रांत साठलेल्या भारावर यंत्र काही मिलिसेकंद तग धरी. तेवढ्यात प्रोसेसरला ठरावीक जागी उडी मारायची सूचना मिळे आणि तिथला छोटा प्रोग्राम प्रोसेसरच्या हातातले आकडे कड्यांच्या मेमरीत ठेवून देई. वीज आली की यंत्र तिथूनच पुढे चालू लागे. स्कॅनडिस्क नाही, निळा पडदा नाही.

मग हे गेले कुठे? १९७० च्या अखेरीस इंटेलने ११०३ ही मेमरीची चिप बाजारात आणली. तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म साठा. तो गळत राहतो आणि दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज बंद म्हणजे सारे संपले. पण ही चिप स्वस्त होती, लहान होती आणि दरवर्षी आणखी स्वस्त, आणखी लहान होत जाणार होती. हाताने ओवलेल्या कड्यांचा तिच्यापुढे निभाव लागला नाही. स्वस्ताईसाठी आपण विसराळूपणा पत्करला, आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कर्नलची रचना या विसराळूपणाभोवती होत गेली. जुन्या मेमरीची एकच खूण उरली: युनिक्स पद्धतीच्या संगणकावर प्रोग्राम कोसळला की मेमरीची जी नक्कल फाइलीत टाकली जाते, तिला आजही ‘कोअर’ म्हणतात. कोअर म्हणजे त्या फेराइटच्या कड्या.

*

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडवलेल्या युनिक्समध्ये पेन्सिल-शाईची ही पद्धत स्पष्ट दिसते. डिस्कवरचे ठोकळे मेमरीत धरून ठेवायचे आणि ‘अपडेट’ नावाच्या प्रोग्रामने दर ३० सेकंदांनी ते डिस्कवर उतरवायला लावायचे. यंत्र बंद करण्यापूर्वी चालक स्वतः ‘सिंक’ ही आज्ञा देत. ती लागोपाठ तीनदा द्यावी असा रिवाजच पडला होता.

तरीही ३० सेकंदांची फट उरतेच. त्या फटीत वीज गेली तर डिस्कवरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. एखादा ठोकळा ‘वापरात’ म्हणून दाखवला जातो, पण तो कोणत्याच फाइलीचा नसतो. युनिक्सचे ‘एफएसचेक’ आणि विंडोज ९८ चे स्कॅनडिस्क हेच शोधत सगळी डिस्क पालथी घालत. बेवारस तुकडा सापडला की स्कॅनडिस्क त्याला ‘सीएचके’चे शेपूट लावून वेगळा ठेवे. माझ्या अर्जाचे नेमके हेच झाले होते. जमीन होती, सातबारा हरवला होता.

यावरचा खरा उपाय माहितीसाठ्यांच्या, म्हणजे डेटाबेसच्या क्षेत्रातून आला. आधी बदल काय करणार ते एका वेगळ्या वहीत लिहायचे. ती नोंद पूर्ण झाली अशी खूण करायची. मगच मूळ जागी बदल करायचा. मधेच वीज गेली तर वही वाचायची. खूण असेल तर बदल पूर्ण करायचा, नसेल तर तो झालाच नाही असे मानायचे. अर्धवट असे काही उरत नाही. या वहीला जर्नल म्हणतात. आयबीएमच्या एआयएक्समध्ये १९९० च्या सुमारास, विंडोज एनटीमध्ये १९९३ मध्ये आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये ईएक्सटी-३ या फाइल व्यवस्थेबरोबर २००१ मध्ये हे जर्नल आले. माझ्या घरचे विंडोज ९८ यातले नव्हते, एवढाच माझा दोष.

हे वाचताना मला फेरफार नोंदवही आठवणे साहजिक होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी हक्कातला बदल आधी फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये घेतो. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवले जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. सारे ठीक असेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच गाव नमुना ७ वर नाव चढते. आधी वही, मग खूण, मग मूळ कागद: क्रम तोच. अर्धवट नोंदीला सत्याचा दर्जा मिळू नये, ही चिंताही तीच.

*

चुंबकीय तबकडीच्या जागी पुढे फ्लॅश मेमरी आली. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेली ही कल्पना आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. वीज गेली तरी ती विसरत नाही. पण तिच्यातले एखादे अक्षर जागच्या जागी बदलता येत नाही. मोठा ठोकळा एकदम पुसावा लागतो. त्यामुळे कर्नलने तिला एक वेगवान डिस्क मानले आणि जुनीच व्यवस्था चालू ठेवली.

गृहीत हलले ते जुलै २०१५ मध्ये. इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी ‘थ्रीडी एक्सपॉइंट’ या नव्या मेमरीची घोषणा केली. एप्रिल २०१९ मध्ये ती ‘ऑप्टेन’ या नावाने मेमरीच्याच खाचेत बसणाऱ्या पट्ट्यांच्या रूपात विक्रीला आली: १२८, २५६ आणि ५१२ गिगाबाइट. प्रोसेसर तिच्यातला एकेक बाइट नेहमीच्या मेमरीसारखा वाचू-लिहू शके आणि वीज गेली तरी मजकूर जागेवर राही. टिफ्रॅकच्या कड्यांचा गुण पाच कोटींहून अधिक पट मोठ्या मेमरीत परत आला होता.

आता कर्नलपुढे पेच पडला. फिरत्या तबकडीकडून माहिती यायला काही मिलिसेकंद लागत. तिथे कर्नलच्या तपासणीचा वेळ नगण्य होता. नव्या मेमरीचे वाचन काही शे नॅनोसेकंदांत होई. म्हणजे दाराशी अर्ज तपासायलाच आतल्या कामापेक्षा जास्त वेळ लागू लागला. शिवाय टिकाऊ मेमरीतले पान विसरभोळ्या मेमरीत आणून, तिथे बदलून परत नेण्यात अर्थ काय? शाईची दौत हाताशी असताना पेन्सिलीने लिहून मग गिरवण्यासारखे ते होते.

लिनक्सच्या कर्नलने २०१५ मध्ये, ४.० या आवृत्तीत, याचे उत्तर दिले. त्याला ‘डॅक्स’ म्हणतात. प्रोग्रामने फाइल मागितली की कर्नल एकदाच अधिकार तपासतो आणि त्या फाइलीची टिकाऊ मेमरीतली पानेच प्रोग्रामच्या पत्त्यांच्या नकाशात जोडून देतो. त्यानंतर प्रोग्राम त्या पानांवर स्वतः लिहितो. कर्नल मध्ये येत नाही. लिहायची परवानगी नसेल तर नकाशात तशी नोंद असते आणि प्रोसेसरच हात अडवतो. गावाच्या भाषेत, नकाशा आखून दिल्यावर भाऊसाहेब बाजूला झाले.

पण ते पूर्ण बाजूला होऊ शकत नाहीत, हे लवकरच कळले. तीन अडचणी आल्या आणि तिन्ही जुन्याच होत्या.

पहिली अडचण क्रमाची. प्रोसेसर लिहितो ते आधी त्याच्या स्वतःच्या छोट्या साठ्यात, कॅशमध्ये, राहते आणि ती कॅश विसरभोळीच आहे. तिच्यातून ६४ बाइटांचे तुकडे मेमरीकडे जातात, पण प्रोग्रामने लिहिलेल्याच क्रमाने जातील असे नाही. आधी नोंद लिहिली, मग ‘पूर्ण झाली’ अशी खूण केली, आणि खूण आधी पोहोचून वीज गेली तर? वहीत मंजुरीची सही आहे, मजकूर कोरा. म्हणून तुकडा बाहेर ढकलण्याच्या आणि तो जाईपर्यंत थांबण्याच्या आज्ञा प्रोग्रामला स्वतः द्याव्या लागतात. एका दमात अभंगपणे लिहिले जाईल अशी खात्री तर फक्त ८ बाइटांची. मेमरीकडे निघालेले पण वाटेत असलेले तुकडे पोहोचवण्यासाठी इंटेलने आणखी एक आज्ञा ठरवली होती. ती २०१६ मध्ये रद्द केली, कारण वीज जाताना साठलेल्या ऊर्जेवर ते तुकडे उतरवून घेण्याची जबाबदारी यंत्राच्या बांधणीवरच टाकली गेली. पीडीपी-११ ची युक्ती सुमारे ४५ वर्षांनी परत आली.

दुसरी अडचण मालकीची. प्रोग्रामने नव्या जागेत थेट मजकूर लिहिला आणि तो टिकलाही. पण ती जागा अमुक फाइलीची आहे ही कर्नलची नोंद अजून विसरभोळ्या मेमरीतच असेल तर वीज जाताच मजकूर बेवारस होतो. पीक शेतात उभे, सातबाऱ्यावर नाव नाही. माझ्या ‘सीएचके’ फाइलीची हीच गत होती. जानेवारी २०१८ च्या ४.१५ या आवृत्तीत त्यावर ‘मॅप-सिंक’ ही सोय आली. ती मागितली असेल तर, मालकीची नोंद पक्की झाल्याशिवाय कर्नल त्या पानावर पहिला शब्दही लिहू देत नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विसरभोळ्या मेमरीत चूकही विसरली जात असे. संगणक अडकला की ‘बंद करून पुन्हा चालू कर’ हा उपाय आपण सगळेच करतो, आणि तो चालतो याचे कारण बिघडलेली मेमरी पुसली जाते. टिकाऊ मेमरीत एखाद्या भरकटलेल्या आज्ञेने चुकीच्या जागी लिहिले की ती चूक शाईची झाली. यंत्र कितीदाही बंद-चालू करा, ती तिथेच. कर्नल स्वतः सर्व पानांवर लिहू शकतो, म्हणून त्याच्या चुकीचा धोका सर्वांत मोठा. इंटेलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पीएमएफएस या फाइल व्यवस्थेत कर्नलने स्वतःलाच कुलूप घातले होते: टिकाऊ मेमरी एरवी फक्त वाचायला खुली, लिहायच्या क्षणापुरते कुलूप काढायचे आणि लगेच लावायचे. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतून आलेल्या नोव्हा या व्यवस्थेने प्रत्येक फाइलीसाठी वेगळे जर्नल ठेवले. जणू प्रत्येक खातेदाराची स्वतंत्र फेरफार वही.

*

ऑप्टेन फार दिवस टिकली नाही. ती नेहमीच्या मेमरीपेक्षा संथ आणि फ्लॅशपेक्षा महाग होती, आणि इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चाले. जुलै २०२२ मध्ये इंटेलने हा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले आणि शिल्लक मालापोटी ५५.९ कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. न विसरणारी मेमरी दुसऱ्यांदा स्वस्ताईपुढे हरली. पण तिच्यासाठी कर्नलमध्ये झालेले बदल गेले नाहीत. डॅक्स आहे, मॅप-सिंक आहे. अशी मेमरी उद्या दुसऱ्या कोणी आणली तर दार तयार आहे.

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. टिकणे हा साहित्याचा गुण आहे. टिकलेल्यावर भरवसा ठेवता येणे हा गुण साहित्यात नसतो. फेराइटची कडी, तबकडी, फ्लॅश, ऑप्टेन या सगळ्यांनी मजकूर धरून ठेवला. तो पुरा आहे की अर्धा, कोणाचा आहे आणि कोणत्या क्रमाने लिहिला, हे सांगायचे काम प्रत्येक वेळी कोणालातरी करावे लागले. कर्नल वाटेतून दूर झाला तेव्हा ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर, प्रोसेसरवर आणि धारित्रांवर वाटले गेले. ते नाहीसे झाले नाही.

फेरफाराची तुलना एका ठिकाणी मात्र थांबते. कर्नलच्या जर्नलमधली नोंद मूळ जागी उतरली की तिची जागा पुढच्या नोंदीसाठी मोकळी होते; जुने काय होते ते तिथे उरत नाही. फेरफार वही तशी पुसली जात नाही. सातबाऱ्यावर नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक राहतो आणि त्या क्रमांकावरून हक्क कसा आला, कोणाकडून आला, हे पुढची पिढी शोधू शकते. आता फेरफार संगणकावरच होतो. तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणू लागले आहेत आणि भाऊसाहेबांच्या हातातली पेन्सिल गेली आहे. तिचे काम कुठल्यातरी सर्व्हरवरच्या डेटाबेसचे जर्नल आणि त्याच्याखालचा कर्नल करतो. वीज गेल्याने अर्ध्यावर राहिलेला फेरफार आता सहसा कोणाच्या वाट्याला येणार नाही, हा मोठाच लाभ आहे. पण मागचे मागे शोधत जाण्याची सोय यंत्र आपण होऊन ठेवत नाही. ती माणसांनी नियम करून ठेवायला लावावी लागते.

आमच्या वारसनोंदीला कोणाची हरकत आली नाही. यथावकाश फेरफार मंजूर झाला आणि शाईची नावे चढली. ते हस्तलिखित सातबाऱ्याचे पान वडिलांनी नक्कल काढून जपून ठेवले आहे. त्यावर वडील, काका आणि आत्यांची नावे आहेत. त्यांच्या वर आजोबांचे नाव कंसात घेतलेले आहे, आणि ते आजही स्वच्छ वाचता येते.